तिसरा हत्ती

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दोन गुडघे आणि एका हातावर रांगत होतो. दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि तो मी एका स्कूटरखाली धरला होता. तेवढ्यात पाठीवर बॅटरीचा झोत पडला.

"काय हरवलंय साहेब? किल्ली?"

"हत्ती," मी म्हणालो.

अशा वेळी माणसाने खुशाल खोटं बोलावं. किल्ली म्हटलं असतं तर वॉचमनकाकांनीही दोन मिनिटं शोधल्यासारखं केलं असतं. मग मी अब्रूनिशी झोपायला गेलो असतो आणि ते अब्रूनिशी खुर्चीत. पण संध्याकाळी सातपासून मी हत्तींच्या मागे होतो, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"तीन होते. दोन सापडले. तिसरा कुठं गेला कळेना."

काका जवळ आले. माझ्या तोंडाला वास येतोय का, हे त्यांनी मला कळू न देता तपासलं, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे कळू न देता. मग मी मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर तेच पार्किंग, तीच स्कूटर, आणि स्कूटरच्या शेजारी मांजराएवढे दोन जांभळे हत्ती कान हलवत उभे. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गेटातून तर काय गेलं नाही," ते म्हणाले. "मी इथंच होतो. आत कधी आले?"

"दहाच्या सुमारास."

काका केबिनमध्ये गेले आणि रजिस्टर उघडून त्यात काहीतरी लिहू लागले. मी स्कूटरखालून बाहेर आलो, गुडघे झटकले आणि लिफ्टकडे सटकलो.

या सगळ्याचा मला पगार मिळत होता.

झालं होतं असं, की २०१६ साली जगभरची माणसं मोबाइल समोर धरून रस्त्यारस्त्यांतून पोकेमॉन शोधत हिंडत होती. आमचे सरही तेव्हा हिंडले. ते एका उघड्या गटाराच्या काठापर्यंत गेले आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला: जे तंत्र चाळिशीच्या माणसाला गटारापर्यंत नेऊ शकतं, ते पाच वर्षांच्या पोराला बेरजेपर्यंत का नेणार नाही? पुढे गूगलने आणि ॲपलने आपापल्या फोनांत हे तंत्र चालवायची आयती हत्यारं दिली, सरांना थोडे पैसे मिळाले, आणि सिंहगड रस्त्यावरच्या एका टू बीएचके फ्लॅटमध्ये आमची कंपनी सुरू झाली. हॉलमध्ये आम्ही, बेडरूममध्ये सर्व्हर, आणि दुसऱ्या बेडरूममध्ये घरमालकांचं सामान, ज्याला हात लावायचा नव्हता.

या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. कॅमेऱ्यातून खरी खोली दिसते आणि तिच्यात खोटा हत्ती उभा राहतो. अनुदानाच्या अर्जात मराठी शब्द हवा म्हणून सरांनी 'संवर्धित वास्तव' असं लिहिलं. माझ्या काकांनी तो अर्ज वाचला. काकांची उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेलेली.

"संवर्धित म्हणजे आमच्या पशुसंवर्धनातलंच ना?"

"नाही हो काका, हे वेगळं."

"वेगळं कसं? हत्ती आहे ना त्यात?"

कंपनीत आम्ही चौघे. सर, चित्रं करणारी एक मुलगी, नुकताच इंजिनिअर झालेला एक मुलगा, जो दिवसभर कानात काहीतरी घालून बसे, आणि मी. माझ्या कार्डावर 'गणित-तज्ज्ञ' असं छापलं होतं. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "दहावीला गणितात किती?" मी म्हणालो, "एकसष्ट." आमच्या वेळी गणिताचा पेपर दीडशेचा असायचा, हे मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

खेळ साधा होता. मूल फोन जमिनीकडे धरणार, जमिनीवर हत्ती, आंबे नाहीतर फुगे उगवणार, मुलाने ते फिरून मोजायचे आणि वर तरंगणाऱ्या तीन आकड्यांपैकी बरोबर आकड्याला बोट लावायचं. बरोबर आलं की चांदणी. सर म्हणाले, "दोन महिन्यांत बाजारात." मी मनात हिशेब केला आणि मलाही दोनच महिने आले. माझ्या गणिताची पातळी यावरून लक्षात यावी.

पहिली अडचण जमिनीची आली.

कॅमेऱ्याला जमीन आपोआप कळत नाही. त्याला खुणा लागतात: डाग, कोपरे, भेगा, रेघा. फोन हलवला की त्या खुणा कशा सरकतात हे तो बघतो, फोनच्या पोटातल्या हालचाल मोजणाऱ्या यंत्राशी त्याचा ताळा घालतो आणि मग ठरवतो की ही जमीन, ही भिंत. पुण्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधलेल्या यच्चयावत फ्लॅटांत बिल्डरने पांढरी, गुळगुळीत, आरशासारखी व्हिट्रिफाइड टाइल घातलेली. तिच्यावर एक डाग नाही. चुकून पडलाच तर घरातली बाई तो टिकू देत नाही. त्यामुळे पुण्यातल्या स्वच्छ घरांत आमच्या हत्तीला पाय टेकायला जागाच नव्हती. एका मावशींकडे त्याने शेवटी जमीन म्हणून टाइलमधलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धरलं आणि तो उलटा लोंबकळला.

अशा वेळी स्क्रीनवर सूचना येई: 'फोन हळूहळू गोल फिरवा.' मराठी माणसाला हातात काही देऊन हळूहळू गोल फिरवायला सांगितलं तर तो काय करणार? माझ्या आत्याने सोफ्याला ओवाळलं. तीनदा, घड्याळाच्या दिशेने. आत्याचे यजमान सोफ्यावर बसले होते, त्यांनी सवयीने खिशात हात घातला.

यावर इंजिनिअर मुलाने उपाय काढला, खाली काहीतरी अंथरायचं. आम्ही चौकटीचौकटींची सतरंजी आणली. ती आणखी वाईट. प्रत्येक चौकट दुसरीसारखीच, त्यामुळे आपण कुठल्या चौकटीपाशी आहोत हे फोन विसरायचा आणि हत्ती सतरंजीवरून बुद्धिबळातल्या हत्तीसारखे सरळ रेषेत सुळकन जायचे. मग वर्तमानपत्र अंथरलं. ते बरं चाललं, पण मुलांचे आईबाप मोजायचं सोडून मथळे वाचू लागले. शेवटी आमच्या आईने कपाटातून गोधडी काढून दिली. "घ्या, आणि त्या उघड्या फरशीवर पोरांना बसवू नका. गारठतील."

ही गोधडी माझ्या आजीच्या हातची. तिच्यात आजीच्या हिरव्या नऊवारीचा तुकडा आहे, आजोबांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याचा आहे, माझ्या खाकी गणवेशाच्या चड्डीचा आहे (दीडशेपैकी एकसष्टचा साक्षीदार), आणि मधोमध कुणाच्या तरी परकराची जरीची चौकड. त्या सगळ्यावरून पांढऱ्या दोऱ्याचे धावते टाके, एकही ओळ दुसरीसारखी नाही. फोनने ती गोधडी पाहिली आणि अर्ध्या सेकंदात जमीन सापडल्याची टिंग वाजवली. हत्ती असे घट्ट उभे राहिले, की त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घाला, ते ढिम्म. इंजिनिअर मुलाने कानातलं काढलं. आठ महिन्यांत प्रथमच.

होय, तोपर्यंत आठ महिने झाले होते. त्यातले तीन दिवस आम्ही आंब्यात होतो.

आमच्या गेम इंजिनात एक म्हणजे एक मीटर. चित्रं करणाऱ्या मुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक म्हणजे एक सेंटिमीटर. तिने दहा सेंटिमीटरचा सुरेख हापूस केला, देठाजवळ किंचित लाली वगैरे, आणि आमच्याकडे पाठवला. आम्ही खेळ सुरू केला तर स्क्रीन पिवळा. नुसता पिवळा. आम्हाला वाटलं रंगात घोळ आहे. इंजिनिअर मुलाने दोन दिवस रंगांच्या फायली तपासल्या. मी गणित-तज्ज्ञ या नात्याने त्याच्या मागे उभा राहून "बघ, बघ" म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी सर फोनवर बोलत बोलत जिना उतरून खाली रस्त्यावर गेले. हातातल्या दुसऱ्या फोनवर खेळ चालू होता. पानपट्टीपाशी त्यांनी सहज वळून इमारतीकडे फोन धरला आणि ते ओरडले. इमारतीच्या जागी दहा मीटरचा हापूस उभा होता, तीन मजली. आम्ही तीन दिवस त्याच्या कोयीपाशी बसून काम करत होतो.

मग त्याला शंभराने भागायचं ठरलं. मुलीने भागलं. इंजिनिअर मुलानेही भागलं. एकमेकांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर नुसती सतरंजी.

"आंबा कुठाय?" सरांनी विचारलं.

"आहे सर. एक मिलिमीटर आहे."

यावर सगळ्यांनी मिसळ खायला जायचं ठरवलं. चार मिसळी एकशेदहाप्रमाणे, दोन ताकं तीसप्रमाणे, बिल पाचशे. लहान मुलांना बेरीज शिकवणाऱ्या कंपनीतल्या चौघांनी आपापला वाटा काढून टेबलावर ठेवला आणि ते चारशेऐंशी भरले. पुन्हा मोजले, पाचशेवीस. फडकं खांद्यावर टाकलेला पोऱ्या उभ्या उभ्या म्हणाला, "ताकवाले एकशेचाळीस, बिनताकाचे एकशेदहा." सरांनी त्याला नोकरीबद्दल विचारलं. त्याने पगार ऐकला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

वीसपर्यंतच्या आकड्यांत आमचे मतभेद नव्हते. एकविसाला कंपनी फुटायची वेळ आली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस'च्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा महाराष्ट्रात जो वाद झाला तो वाचकांना आठवत असेल. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं होतं. नव्या पद्धतीची बाजू अगदीच चुकीची नव्हती. आपण आधी वीस लिहितो आणि बोलताना आधी एक म्हणतो, त्यात पोरांचा गोंधळ होतो. शिवाय त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, नव्व्याण्णव या जोडाक्षरांत कोवळ्या जिभा अडकतात. सर नव्याचे, मी जुन्याचा. माझा मुद्दा असा, की आम्ही नाही का शिकलो? यावर चित्रं करणारी मुलगी म्हणाली, "एकोणऐंशी म्हणजे किती, पटकन?" मी म्हणालो, "एकोणनव्वद." तिने फक्त भुवई उडवली.

शेवटी ठरलं की मुलाने तोंडानेच उत्तर द्यावं, त्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. त्यासाठी आवाज ओळखणारं यंत्र बसवलं. मी माइकसमोर बसून आकडे म्हटले. मी 'सदुसष्ट' म्हटलं की यंत्र लिहायचं 'सदू कष्ट'. मी 'एकोणसाठ' म्हटलं की ते लिहायचं 'एकूण साठ', आणि उत्तर एकाने चुकायचं. त्याला दोष तरी काय द्यायचा? आमच्या ताकाच्या बिलापेक्षा ते जवळच होतं.

म्हणून पुन्हा बोटानेच उत्तर द्यायचं ठरलं. मग मुलं आली. सोसायटीतली सहा-सात पोरं, त्यांचे पालक, आणि माझी साडेचार वर्षांची भाची. आमच्या घरच्या हॉलमध्ये गोधडी अंथरली.

"सांगा बरं, किती हत्ती आहेत?" मी भाचीला विचारलं.

"एक."

"आणि हा?"

"ती त्याची आई. तिला नाही मोजायचं."

"का गं?"

"ती घ्यायला आलीय."

बालवाडीच्या दारात कोणाला मोजतात आणि कोणाला नाही, हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आम्ही तिचं उत्तर चूक धरलं. तिने फोन आमच्याकडे परत दिला आणि गोधडीच्या आत जाऊन झोपली.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने पाच मिनिटांत चाळीस चांदण्या मिळवल्या. सर हरखून त्याच्याशेजारी बसले. पोरगा एकही हत्ती मोजत नव्हता. तीन आकडे आले की तो तिन्हींवर टपाटप बोटं मारायचा, त्यातलं एक बरोबर लागायचंच. "हे चीटिंग आहे," मी म्हणालो. "पण लवकर होतं," तो म्हणाला. त्याचे वडील मागे उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी मुलाच्या पहिल्या पगारालाही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

म्हणून आम्ही चुकीला शिक्षा ठेवली. चूक उत्तर दिलं की हत्ती 'अरेरे' म्हणतो आणि धपकन बुडावर बसतो. चित्रं करणाऱ्या मुलीने त्या धपकन बसण्यावर अकरा दिवस घातले होते. बसताना पोट कसं हलतं, सोंड कशी नाकावरून मागे उडते, शेवटी डोळे कसे गरगरतात. पुढच्या रविवारी सगळी पोरं जीव तोडून चुकीची उत्तरं देत होती. चूक द्यायची तर बरोबर काय ते आधी मोजावं लागतं, हे खरं. त्या दिवशी प्रथमच सगळ्यांनी मन लावून मोजलं. अहवालात मात्र आमच्या यंत्रणेने लिहिलं: 'प्रगती: शून्य.'

पालकांचं वेगळं. एक आई लेकीच्या कानात कुजबुजत होती, "चार म्हण, चार म्हण." होते पाच. एका बाबांनी "आण, तुला ही लेव्हल पार करून देतो" म्हणून फोन घेतला आणि मुलगा रडेपर्यंत परत केला नाही. एकांनी विचारलं, "हे ऑलिंपियाडला धरतात का?" आजोबा-मंडळींपैकी एकांनी पावकी-निमकी घालायची सूचना केली आणि उभं राहून दिडकी म्हणायला सुरुवात केली. ती शेवटपर्यंत म्हटली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या आईने फक्त चहा दिला. तिच्याकडे फोन गेला तेव्हा तो देवघराकडे वळला आणि चौरंगाला जमीन समजून तिथे एक वाघ उभा राहिला. आईने आधी पायातल्या घरातल्या चपला काढल्या. मग नीट पाहिलं आणि म्हणाली, "वाहन आलं. देवी कुठाय?"

इन्व्हेस्टरला दाखवायचा दिवस बाणेरच्या एका हॉटेलात ठरला. दार उघडलं आणि आमच्या पोटात गोळा आला. काळा चकचकीत ग्रॅनाइट, काचेचं टेबल, पांढऱ्या भिंती. खुणेसाठी झुरळही फिरकलं नसतं अशी जागा. सरांनी इंग्रजीत सुरुवात केली, फोन पुढे धरला आणि हळूहळू गोल फिरवू लागले. एक मिनिट. दोन मिनिटं. इन्व्हेस्टर गुजराती होते, त्यांनाही ओवाळणं ओळखू आलं. त्यांनी नम्रपणे मान किंचित झुकवली.

मी पिशवीतून गोधडी काढली आणि ग्रॅनाइटवर अंथरली. टिंग. तीन हत्ती.

इन्व्हेस्टर खाली वाकले. हत्तींच्या मधून हात घालून, म्हणजे हत्तींच्या आरपार, त्यांनी गोधडीचं टोक उचललं आणि टाके पाहिले.

"हा हार्डवेअर आहे?"

"हो," सर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता.

"किती नग देऊ शकता महिन्याला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणित-तज्ज्ञ. आजीला एक गोधडी शिवायला अख्खा उन्हाळा लागायचा, आणि आजी जाऊन बावीस वर्षं झाली होती. वीस दोन म्हणा हवं तर. मी पटकन हिशेब केला आणि म्हणालो, "पाचशे."

बैठक तिथेच संपली, कारण त्यांनी पुढचा प्रश्न किमतीचा विचारला आणि आम्ही चौघांनी चार किमती सांगितल्या.

रात्री साडेदहाला मी सोसायटीत शिरलो. काखेत गोधडी, तोंडावर अवकळा. वॉचमनकाका खुर्चीतून उठले.

"साहेब, तुमची सही राहिलीय."

"कसली?"

त्यांनी रजिस्टर काढलं. मागची पानं उलटत उलटत बोट एका ओळीवर ठेवलं. अक्षर मोत्यासारखं. तारीख, फ्लॅट नंबर, मग 'तपशील' या रकान्यात 'हत्ती, जांभळे'. आत: ३. बाहेर: २.

"दोन बाहेर कधी गेले?"

"तुम्ही मोबाइलात घालून लिफ्टने वर नेले ना? माझ्यासमोरच." काकांनी शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. तिथे लाल शाईने 'शिल्लक १' लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. "सेक्रेटरी उद्या रजिस्टर बघणार. आता एक तर तो सापडला म्हणून लिहून द्या, नाहीतर आत आहे म्हणून सही करा."

मी गोधडी खाली ठेवली, पेन घेतलं आणि सही केली.